प्रतिकारशक्ती कमी असताना होणारे जिवाणूसंसर्ग : मराठवाड्यातल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संधिसाधू संसर्ग म्हणजे काय?

आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यात, शेतातल्या मातीत आणि साठवलेल्या पाण्यात असंख्य जिवाणू असतात. धडधाकट माणसाला त्यातले बहुतेक काही करत नाहीत. राखण नसलेल्या रानात मोकाट जनावर शिरावं, तसे ते प्रतिकारशक्ती खालावलेल्या शरीरात शिरतात. यालाच संधिसाधू संसर्ग म्हणतात. क्षयरोगाचा म्हणजे टीबीचा जंतू, क्लेबसिएला, स्यूडोमोनास, न्यूमोकॉकस, साल्मोनेला, नोकार्डिया ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. विषाणू, बुरशी आणि परजीवीही अशीच संधी साधतात, पण इथे आपण मुख्यतः जिवाणूंबद्दल बोलणार आहोत. अँटिबायोटिक चालतं ते मुख्यतः जिवाणूंवर.

आमच्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी आहे, हे कसं ओळखायचं?

चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाचीही ती कमी असू शकते. किमोथेरपी सुरू असलेले, रक्ताचा कर्करोग झालेले, किडनी बदललेले, एचआयव्ही असून सीडी-फोर नावाच्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेले, कित्येक आठवडे स्टेरॉइड घेणारे, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, प्लीहा काढलेले, डायलिसिसवरचे आणि शुगर वर्षानुवर्षं ताब्यात नसलेले असे सगळे यात येतात. शेवटच्या गटाची माणसं मराठवाड्याच्या प्रत्येक गावात आहेत आणि आपण या यादीत आहोत हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

ताप किती आला म्हणजे निघायचं?

किमो सुरू असलेल्या माणसाला तोंडातलं तापमान एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट दिसलं, किंवा १००.४ च्या वर तासभर टिकलं, तर निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. काखेत मोजलं तर आकडा थोडा कमी दिसतो. तोंड आलेलं असल्यामुळे काखेतच मोजावं लागत असेल, तर १०० लाही गंभीर धरा. गुदद्वारात थर्मामीटर घालू नका. तिथल्या नाजूक अस्तराला खरचटलं तर जिवाणू थेट रक्तात उतरतात.

एवढी घाई का, तेही समजून घ्या. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या, की जिवाणूंना अडवणारं जवळजवळ कोणी उरत नाही. पू तयार होतो तो याच पेशींपासून. त्या नसल्या की पू धरत नाही, गाठ सुजत नाही, न्यूमोनिया असूनही छातीचा फोटो सुरुवातीला साफ दिसतो. बाहेर दिसणारं चिन्ह एकच उरतं, ते म्हणजे ताप. म्हणून रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, असा जगभरचा दंडक आहे.

तापाची गोळी देण्याआधी तापमान मोजा आणि आकडा व वेळ कागदावर लिहा. पॅरासिटामॉल दिल्यावर ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि आतला संसर्ग वाढत राहतो. यातूनच सगळ्यात जास्त नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे.

स्टेरॉइड घेणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर ताप येईलच असं नाही. माणूस बरळायला लागला, श्वास जलद झाला, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, हुडहुडी भरली, तर थर्मामीटर काहीही सांगो, गाडी बोलवा.

रात्रीचे दोन वाजलेत आणि मोठं रुग्णालय शंभर किलोमीटरवर आहे. आधी कुठे जायचं?

हा प्रश्न मराठवाड्यातच जास्त ऐकायला मिळतो आणि तो रास्त आहे. किनवटहून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर आहे. आठ जिल्ह्यांत मिळून छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही जुनी आधाराची ठिकाणं आहेत. कर्करोगासाठी संभाजीनगरला राज्य कर्करोग संस्था आहे. पण तिथवर पोचण्यात जे तास जातात, ते रुग्णाकडे नसतात.

तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी सुरू करा. १०८ ला फोन लावा आणि ‘किमोचा पेशंट आहे, ताप आलाय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्याच वेळी जिथे उपचार चालू आहेत त्या विभागाच्या नंबरवर दुसऱ्या माणसाने फोन करावा. रस्त्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय लागत असेल, तर तिथल्या डॉक्टरांचं आणि किमोच्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून द्या. शक्य असेल तर कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू उगवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्ताचा नमुना घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच द्यावा आणि मग पुढे निघावं. तिथे हाताशी असलेलं इंजेक्शन स्यूडोमोनासला पुरेसं नसेल, पण बऱ्याच इतर जिवाणूंना रोखू शकतं. तो डोस पुढच्या उपचारांची जागा घेत नाही. म्हणून ‘आता ताप उतरलाय, घरी जा’ असं कोणी सांगितलं तरी परत फिरू नका.

जिल्ह्याची हद्द बघत बसू नका. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडतं, तुळजापूरहून सोलापूर तासाभराच्या रस्त्यावर आहे. रात्री रक्ताची तपासणी आणि शिरेतलं औषध कुठे मिळतं, हे किमो सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.

मोबाइलमध्ये डिस्चार्ज कार्डाचा, शेवटच्या रक्त तपासणीचा, चालू औषधांचा आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे त्याचा फोटो असू द्या. नातेवाइकांपैकी किमान दोघांच्या मोबाइलमध्ये हवा. रुग्ण ज्याच्याबरोबर निघतो तो बहुतेकदा शेजारी असतो.

गावातल्या डॉक्टरांकडून आधी एक इंजेक्शन, एक सलाईन घेऊन बघितलं तर?

नको. साध्या तापाला ते चालूनही जात असेल, पण इथे दोन दिवस ‘बघण्यात’ गेले तर पुढे अतिदक्षता विभागातूनच सुरुवात होते. शिवाय अर्धवट अँटिबायोटिक दिलं गेलं, की नंतर कल्चरमध्ये जिवाणू उगवत नाही आणि कशावर उपचार करायचे हेच कळेनासं होतं. गावातले डॉक्टर तुमच्या ओळखीचे आहेत, रात्री दार उघडतात, ही मोठी गोष्ट आहे. त्यांची मदत घ्याच, पण ती गाडी मिळवायला, रक्तदाब बघायला, पुढे फोन करायला.

कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर औषध थांबवायचं का?

मुळीच नाही. आधी रक्त घ्यायचं, लगेच औषध सुरू करायचं आणि रिपोर्ट आला की औषध बदलायचं किंवा आटोपशीर करायचं. रक्त शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांहून घेतात आणि छातीत औषध देण्यासाठी बसवलेलं पोर्ट किंवा गळ्यात डायलिसिसची नळी असेल तर तिथूनही एक नमुना घेतात. एकाच बाटलीत जिवाणू निघाला तर तो कातडीवरचा असू शकतो. तोच दोन्हीकडे निघाला तर संशय फारसा उरत नाही. नळीवर जिवाणूंनी चिकट थर धरला असेल तर औषध तिथे नीट पोचत नाही आणि पुष्कळदा नळीच काढावी लागते. ‘एवढ्या खर्चाने बसवली आणि आता काढता?’ असं नातेवाईक चिडून विचारतात. राहू दिली तर ताप पुन्हा पुन्हा येतो, हे त्याचं उत्तर.

पहिल्याच दिवशी ‘भारी’ अँटिबायोटिक का देतात? आणि नंतर ‘हलकं’ का करतात?

पहिल्या दिवशी शत्रू कोण ते ठाऊक नसतं आणि चूक सुधारायला वेळ नसतो. म्हणून न्यूट्रोफिल खाली असताना स्यूडोमोनाससकट बऱ्याच जिवाणूंवर चालणारं औषध निवडतात : पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम किंवा रुग्ण फार गंभीर असेल तर मेरोपेनेम. कातडीचा किंवा नळीचा संसर्ग वाटला तर व्हँकोमायसिन जोडतात. धोका कमी असलेल्या काही रुग्णांना तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवरही ठेवता येतं, पण तो निर्णय तपासणी झाल्यावर डॉक्टरांचा.

कल्चरमध्ये साध्या औषधाला दाद देणारा जिवाणू निघाला, तर औषध साधं करणं हेच उत्तम वैद्यक आहे. ‘आमच्या पेशंटचं औषध स्वस्त का केलं?’ म्हणून भांडू नका. मेरोपेनेमलाही न जुमानणारे क्लेबसिएला आणि अॅसिनेटोबॅक्टर आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांत आता सर्रास सापडतात. त्यांच्यासाठी कोलिस्टिन किंवा सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टम यांसारखी मोजकीच औषधं उरतात. कोलिस्टिन किडनीला त्रास देतं आणि दुसरं फार महाग आहे. ही औषधं ज्याला उद्या लागतील, तो बहुधा आजचाच रुग्ण असतो, पुढच्या किमोच्या वेळी.

याच कारणाने १ मार्च २०१४ पासून पुष्कळ अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं ‘शेड्यूल एच-वन’मध्ये घातली आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि मेडिकलवाल्याने विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे. ‘मागच्या वेळचीच गोळी द्या’ म्हणून काउंटरवर आग्रह धरू नका.

एचआयव्ही असलेल्याला टीबी झाला. आधी कोणत्या गोळ्या?

आधी टीबीच्या, पण एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) फार लांबवायची नाही. टीबीचं औषध अंगी लागलं की बहुतेकांना दोन आठवड्यांच्या सुमारास, फार तर आठ आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करतात. टीबी मेंदूच्या आवरणात असेल तर मुद्दाम थोडं थांबतात, कारण तिथे सूज वाढली तर जिवावर बेतू शकतं.

टीबी हाच आपल्या देशात एचआयव्हीसोबत येणारा सगळ्यात मोठा संधिसाधू आजार. सीडी-फोर फार कमी असतील तर बेडक्यात जंतू दिसत नाहीत, फोटो वेगळाच दिसतो, टीबी फुफ्फुसाऐवजी गाठींत किंवा पोटात असतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी ‘निल’ आली की घरी जायचं नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून घ्या. जंतू आहे का आणि तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का, या दोन्हीची उत्तरं त्यात काही तासांत मिळतात. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये झाले आहेत. त्यासाठी बँक खातं आधी जोडून घ्या.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर हे एआरटीतलं औषध शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून टीबीचा उपचार चालू असताना रोजच्या एआरटीच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी घ्यावी लागते आणि टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवावी लागते. टीबीच्या केंद्रात एचआयव्ही सांगितला नाही, किंवा एआरटी केंद्रात टीबी सांगितला नाही, तर ही गोळी राहून जाते. लाजेपोटी लपवलेल्या गोष्टीची अशी किंमत मोजावी लागू नये. लघवी केशरी होते ती रिफॅम्पिसिनमुळेच. त्याला घाबरू नका.

टीबी नसेल, तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या असतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यातलं काही नाही, हे बघून त्या देतात. एआरटी केंद्रात स्वतःहून विचारा.

एआरटी सुरू केली आणि महिन्यात गाठी सुजल्या, ताप आला. गोळ्या सोसत नाहीत का?

बहुधा उलट घडलंय. प्रतिकारशक्ती परत जागी होते आणि लपून बसलेल्या जंतूवर तुटून पडते, त्यातून सूज आणि ताप येतो. यावर उपचार आहेत, कधी थोडे दिवस स्टेरॉइडही देतात. गोळ्या मनाने बंद करू नका आणि त्याच आठवड्यात केंद्रात जा. कारण नवा संसर्ग किंवा दाद न देणारा टीबी नाही ना, हे तपासल्याशिवाय कोणी ‘हे होतंच’ म्हणू नये.

रोजची ती मोठी पांढरी गोळी आयुष्यभर घ्यायची का?

कोट्रायमॉक्साझोल. सीडी-फोर ३५० च्या खाली असताना किंवा आजार पुढच्या टप्प्यावर असताना ती देतात. न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी, मेंदूत गाठी करणारा टॉक्सोप्लाझ्मा आणि बरेच जिवाणू अशा कितीतरी गोष्टी ही स्वस्त गोळी अडवते. एआरटीने सीडी-फोर वर येऊन सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत ३५० च्या पुढे राहिले, की डॉक्टर ती थांबवतात. अंगावर पुरळ उठलं, विशेषतः तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर लगेच बंद करून दवाखाना गाठा. किडनी बदललेल्यांनाही पहिले सहा ते बारा महिने बहुधा हीच गोळी असते.

वडिलांना शुगर आहे, शेतात काम करतात. टीबीच्या गोळ्या घेऊनही ताप आणि खोकला जात नाही. आता?

आधी गोळ्या नियमित जातात का आणि जंतू औषधाला दाद देतो का, ते बघा. तिथे सगळं ठीक असेल, किंवा मुळात टीबीचा जंतू कधी सापडलाच नसेल आणि फोटोवरून औषध सुरू केलं असेल, तर टीबीसारखे दिसणारे दोन आजार डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

मेलिऑइडोसिस हा बर्कहोल्डेरिया नावाच्या, ओल्या मातीत आणि पाण्यात राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो. भारतात त्याची नोंद जास्त करून किनारपट्टीच्या भागांतून झाली आहे. पण कामासाठी माणसं फिरतात आणि मधुमेह हा या आजाराचा सगळ्यात मोठा सोबती आहे. पावसाळ्यात जास्त दिसतो. न्यूमोनिया, यकृतात किंवा प्लीहेत गळू, सांध्यात पू अशी त्याची रूपं आहेत. प्रयोगशाळेला आधी सांगितलं नाही तर हा जिवाणू ‘स्यूडोमोनास’ म्हणून सोडून दिला जातो. उपचार लांबलचक आहेत : सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस आणि त्यानंतर किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोल. मधलाच भाग घेऊन थांबलं तर आजार उलटतो.

दुसरा नोकार्डिया. हाही मातीतला. स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि प्रत्यारोपण झालेल्यांत फुफ्फुसातून मेंदूपर्यंत जातो. टीबीच्या औषधांनी बरा होत नाही, कोट्रायमॉक्साझोलने होतो, पण सहा ते बारा महिने लागतात.

एचआयव्हीत सीडी-फोर ५० च्या खाली गेले असतील तर टीबीचे चुलत भाऊ म्हणावेत असे एमएसी गटाचे जंतूही असू शकतात. त्यांच्यावर क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अॅझिथ्रोमायसिन आणि एथॅम्ब्युटॉल असे उपचार वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात.

पायात बाभळीचा काटा मोडला, दुखत तर नाही. मग काळजी कशाची?

दुखत नाही, हीच काळजी. शुगरने पायाची संवेदना गेलेली असते. हळद, राख, तंबाखू काही दाबू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन झाका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दाखवा. पाय लाल होऊन रेषा वर चढली, फोड काळे पडले, दुर्गंधी आली, तर त्याच रात्री जा. मेलेल्या मांसात रक्त नसतं, त्यामुळे कितीही भारी अँटिबायोटिक तिथे पोचत नाही. ते मांस शस्त्रक्रियेनं काढावंच लागतं आणि ते वेळेत काढलं तर पाय वाचतो. हाड पोखरलं असेल आणि ते काढलं नाही, तर औषध सहा आठवड्यांपर्यंत चालतं. लघवीला जळजळ, पाठीत कळ आणि थंडी वाजून ताप असेल तर शुगरवाल्याने तेही अंगावर काढू नये.

आईला गुडघेदुखीच्या पुडीने फार आराम पडतो. त्यात काही वाईट असतं का?

असू शकतं. बिनलेबलाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत चमत्कार वाटावा इतका आराम, भूक वाढणं, चेहरा गोल होणं, शुगर वाढणं या त्याच्या खुणा. प्रेडनिसोलोनच्या २० मिलिग्रॅमएवढं स्टेरॉइड रोज महिनाभर पोटात गेलं तर प्रतिकारशक्ती इतकी उतरते, की प्रतिबंधक औषधांचा विचार करावा लागतो. दबलेला टीबी यातूनच वर येतो.

पण वाचून लगेच पुडी फेकून देऊ नका. फार दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. पुडी घेऊन मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील. आणि संसर्ग झालेला असताना चालू स्टेरॉइड बंद नव्हे, कित्येकदा थोडं वाढवावं लागतं.

किडनी बदललेली आहे. खोकल्यासाठी मेडिकलमधून गोळी आणली तर चालेल?

नाही. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी एकदम चढते आणि नवी किडनी दुखावते. रिफॅम्पिसिनमुळे ती इतकी उतरते, की शरीर किडनी नाकारू शकतं. बाजारातली दुखण्याची गोळी तर किडनीला थेट मारक. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय एकही नवी गोळी नको. मोठ्या संसर्गात प्रतिकारशक्ती दाबणारं एखादं औषध तात्पुरतं कमी करतात. तेही त्यांनीच ठरवायचं.

ताप उतरला. कोर्स किती दिवस?

आजारागणिक वेगळा. साधा न्यूमोनिया पाच-सात दिवसांत आटोपतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तात सापडला तर किमान चौदा दिवस. नेहमीचा टीबी सहा महिने. उगाच लांबवलेला कोर्सही वाईटच. औषध सुरू असताना किंवा नंतर काही आठवड्यांत पातळ जुलाब सुरू झाले तर जुलाब थांबवणारी गोळी न घेता डॉक्टरांना सांगा. अँटिबायोटिकनंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडियम नावाचा जिवाणू माजू शकतो, त्याचे उपचार वेगळे आहेत.

टँकरचं पाणी प्यावं लागतं. काय करायचं?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात ‘फिल्टरचं प्या’ म्हणणं सोपं आहे. उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळू द्या, झाका, तोटी असलेल्या भांड्यात ठेवा. रांजणात हात किंवा तांब्या बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरा. निदान रुग्णाच्या पिण्यापुरतं आणि औषधापुरतं एवढं कराच.

धारोष्ण दूध पूर्ण बंद. लिस्टेरिया, ब्रुसेला, साल्मोनेला सगळे त्यातून येतात आणि लिस्टेरिया मेंदूत गेला तर नेहमीचं सेफ्ट्रियाक्सोन त्यावर चालत नाही, अॅम्पिसिलिन लागतं. ताजी भाकरी, वरण, शिजवलेली भाजी, उकडलेलं पूर्ण घट्ट अंडं खुशाल द्या. न्यूट्रोफिल कमी असताना गोठ्यातलं शेण काढणं आणि भुसा-कडबा झाडणं दुसऱ्याकडे सोपवा.

आम्ही ऊसतोडीला जातो. दसऱ्यानंतर सहा महिने गावात नसतो. उपचारांचं काय?

टोळी निघण्याच्या आधी पंधरा दिवस केंद्रात जा, मुकादमाने गाडी ठरवल्यावर नव्हे. एआरटी केंद्र स्थिर रुग्णाला एकाच वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या देऊ शकतं किंवा कारखान्याजवळच्या केंद्रात नाव हलवून देतं. टीबीच्या सरकारी नोंदीचा निक्षय क्रमांक देशभर चालतो. तो लिहून ठेवा, कर्नाटकात गेलात तरी तिथल्या सरकारी केंद्रात दाखवता येतो. अडचण आली तर टीबीसाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे फुकटचे नंबर आहेत. कोपीवर पाचटाने हात कापला, ताप आला, तर उचल फिटायची आहे म्हणून दिवस ढकलू नका.

आषाढीला वारीत चालत जाता येईल का?

किमो चालू असताना, एआरटीचे पहिले काही महिने आणि प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षात नको. गर्दी, पावसात भिजणं, मिळेल ते पाणी, पायाला फोड, सगळंच एकदम येतं. तब्येत सावरल्यावर डॉक्टरांना विचारून, मुक्कामाच्या गावी गाडीने जाऊन दर्शन घेणारे बरेच जण आहेत. शुगरवाल्यांनी अनवाणी चालण्याचा नवस तरी फेडू नये.

लस घेतली तर ताप येईल, मग घ्यायची का?

घ्यायची. न्यूमोकॉकसची आणि दरवर्षीची फ्लूची लस प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना फार उपयोगी आहे. प्लीहा नसलेल्यांना मेनिंजोकॉकस आणि हिब या जिवाणूंचीही हवी. किनवट-माहूर भागातल्या सिकलसेल असलेल्या लेकरांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, त्यांना लसींबरोबर पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिनही देतात. त्या लेकराला ताप आला तर किमोच्या रुग्णाएवढीच घाई करा. गोवरासारख्या जिवंत लसी मात्र प्रतिकारशक्ती फार कमी असताना देत नाहीत.

गुळवेलीचा काढा दिला तर प्रतिकारशक्ती वाढेल का?

गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. टीबीची औषधं आधीच यकृतावर भार टाकतात. आणि प्रत्यारोपण झालेल्यांत प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते, ती वाढवणं म्हणजे किडनी गमावणं. नको.

एवढा खर्च कोण करणार?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, दाखल होतानाच रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटा, बिल झाल्यावर नव्हे.

एचआयव्ही म्हटल्याबरोबर खासगी दवाखान्यात ‘बेड नाही’ सांगितलं. काय करू?

एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या कायद्याने बेकायदा आहे आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण रुग्ण तापाने फणफणत असताना त्या दारात वाद घालत बसू नका. आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात औषध सुरू करून घ्या. तारीख, वेळ आणि काय सांगितलं ते लिहून ठेवा, सोबतच्या माणसाची सही घ्या आणि एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना तो कागद द्या. तक्रार कुठे करायची ते त्यांच्याकडून कळेल, १०९७ वरही विचारता येतं.